जकात नाक्यावरचा प्रेक्षक

श्रीयुत रॉजर गुडेल,
आयुक्त, नॅशनल फुटबॉल लीग, न्यूयॉर्क, यांस



ज्या मुलखात मी लहानाचा मोठा झालो तेथे आयुक्त हा शब्द महानगरपालिकेच्या मुख्य अधिकाऱ्यास लावतात, आणि त्याच्या दप्तरी दाखल होणारे अर्ज बहुधा तुंबलेली गटारे, न आलेले पाणी आणि जकात नाक्यावरील कारकुनांची अरेरावी यांविषयी असत. आपले पद निराळे, आपला दिमाख निराळा, आणि आपल्या अखत्यारीतील खेळही असा निराळा की चेंडू हातात धरून धावण्यालाच त्यात फुटबॉल म्हणतात. तथापि गेली तीसएक वर्षे न्यू जर्सीतील एडिसन या गावी राहून पिट्सबर्गच्या स्टीलर्स संघाचे सामने पाहण्याची खटपट करीत असता मला वारंवार असे वाटत आले आहे की, माझी तक्रार जातकुळीने त्या शेवटच्या प्रकारात, म्हणजे जकातीच्या तक्रारींत, मोडणारी आहे. इंग्रजीत लिहिले असते तर आपल्या कचेरीत कोणीतरी ती वाचली असती, हे मी जाणतो. पण मन मोकळे करून तक्रार करायची तर ती मातृभाषेतच करता येते, आणि ही भाषा वाचणारे, माझ्यासारखेच गाव सोडून आलेले, लोक या देशात थोडेथोडके नाहीत.

1987 सालच्या ऑगस्टात मी पिट्सबर्गला शिकायला गेलो तेव्हा या खेळातले मला ओ की ठो कळत नव्हते. ज्या वृद्ध बाईंच्या घरी वरच्या मजल्यावरची खोली मी भाड्याने घेतली होती, त्यांचे यजमान होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात उभी हयात घालवून वारले होते. तो कारखाना आदल्याच वर्षी, 1986 साली, कायमचा बंद पडला होता. आणि बापाच्या मागून त्याच कारखान्यात कामाला लागलेला त्यांचा थोरला मुलगा पोटापाण्यासाठी टेक्सासात ह्यूस्टनला निघून गेला होता. सामन्याच्या दिवशी या बाई स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा टेलिफोन उचलीत, ह्यूस्टनचा नंबर फिरवीत, दोन शब्द बोलत, आणि मग तो रिसीव्हर, त्याची गुंडाळीची वायर होती नव्हती तेवढी ताणून, ओट्यावरच्या रेडिओपाशी ठेवून देत. दूरचित्रवाणी शेजारच्या खोलीत चालू असे, पण मुकी. कारण चित्र पाहायचे ते पडद्यावर आणि वर्णन ऐकायचे ते रेडिओवर मायरन कोप यांच्या तोंडून, असा त्या शहरातील असंख्य घरांप्रमाणे त्या घराचाही दंडक होता. कोप यांचा आवाज म्हणजे तेल न घातलेल्या रहाटाची करकर. तिला आवाज म्हणावे की नाही याविषयी परक्या माणसाचे मतभेद होऊ शकत, पिट्सबर्गकराचे होत नसत. ती करकर ऐकत हजार मैलांहून कमी नसलेल्या अंतरावर एक माणूस कानाला टेलिफोन लावून बसे, आणि मिनिटामिनिटाने वाढणारे बिल आईच्या नावावर चढे. हे महाग पडत नाही का, असे मी एकदा भीत भीत विचारले, तेव्हा एकादशीच्या दिवशी कांदा मागणाऱ्याकडे पाहावे तसे माझ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, ‘पहिला हाफच तेवढा ऐकवते.’ मी त्या घरात असेपर्यंत दुसऱ्या हाफात तो रिसीव्हर जागेवर परत गेलेला मी कधी पाहिला नाही.

हे एकट्या त्या घरचे नव्हते. 1980च्या दशकात मोनोंगहेला नदीकाठच्या भट्ट्या एकामागून एक थंडावल्या, हजारो कुटुंबे दक्षिणेस आणि पश्चिमेस पांगली, आणि जाताना त्यांनी जी किडूकमिडूक चीजवस्तू बरोबर नेली तीत तो पिवळा पंचा होता, जो 1975 साली याच कोप यांनी ‘टेरिबल टॉवेल’ या नावाने प्रचारात आणला आणि जो हजारो हातांनी एकदम फिरू लागला की पाहणाऱ्या मराठी माणसास जेजुरीच्या पायऱ्यांवर उधळलेल्या भंडाऱ्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. त्या पोलादकामगारांच्या मागून काही वर्षांनी मीही नोकरीनिमित्त ते शहर सोडले. बाईंनी निघताना माझ्या पेटीत एक पंचा घातला, तो अजून आहे. आमच्या कोकणातल्या चाकरमान्याला यात काही नवल वाटणार नाही. गाव सोडल्यावाचून ज्याचा चरितार्थ चालत नाही त्याचे दैवत गावातच राहते, आणि गणपतीच्या दिवसांत त्याला गाठण्यासाठी तो आगगाडीच्या तिकिटापायी रात्र रात्र जागतो, तिकीट न मिळाल्यास खासगी बसवाल्याला दुप्पट भाडे मोजतो. फरक इतकाच की ते दुप्पट भाडे घेणाऱ्या बसवाल्यास आम्ही उघड उघड लुटारू म्हणतो.

आता आपली व्यवस्था माझ्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो, कारण ती अमेरिकेत न राहणाऱ्यास सांगूनही खरी वाटत नाही. दूरचित्रवाणीच्या सोयीसाठी हा देश 210 परगण्यांत विभागलेला आहे. रविवारी दुपारी एक वाजता आणि पुन्हा चारच्या सुमारास अनेक ठिकाणी एकाच वेळी सामने चालू असतात, आणि सीबीएस व फॉक्स या दोन वाहिन्यांची स्थानिक केंद्रे त्यांतला कोणता सामना कोणत्या परगण्यास दाखवायचा हे ठरलेल्या नियमांनी दाखवतात. घरच्या संघाचा सामना असेल तर तो दाखवणे भागच असते. ज्या परगण्यात घरचा संघ नाही तेथे निदान काही चांगले पाहायला मिळण्याचा संभव असतो. माझ्या दुर्दैवाने एडिसन हे न्यूयॉर्कच्या परगण्यात मोडते, आणि न्यूयॉर्कला घरचे संघ एक नव्हे, दोन आहेत. त्यांतील जेट्स हा संघ स्टीलर्सच्याच गटातला, म्हणून बहुतेक वेळा त्याच सीबीएसवर असणारा. तेव्हा जेट्स आणि स्टीलर्स एकाच वेळी मैदानात उतरले की पिट्सबर्गचा सामना आमच्या अंगणात अवतरत नाही. ज्या जेट्स संघाने 2010च्या हंगामानंतर एकदाही बाद फेरी गाठलेली नाही, त्याचा पराभव आठवड्यामागून आठवडे सक्तीने पाहणे ही शिक्षा कोणत्या अपराधाबद्दल, हे मला आजतागायत कळलेले नाही.

गंमत अशी की न्यूयॉर्कचे हे दोन्ही संघ न्यूयॉर्कात खेळतच नाहीत. ते खेळतात न्यू जर्सीत, ईस्ट रदरफर्डच्या दलदलीच्या कडेला. म्हणजे संघाने नदी ओलांडली तर सरहद्द त्याच्या मागोमाग नदी ओलांडते. संघांनी रातोरात घर मोडल्याचेही दाखले आहेत: 1984 सालच्या मार्चमधील एका बर्फाळ रात्री बाल्टिमोरच्या कोल्ट्स संघाने आपले सारे चंबूगबाळे मालमोटारींत भरले आणि तो इंडियानापोलिसचा झाला, बाईंच्या मुलाला ज्या ह्यूस्टनमध्ये आश्रय मिळाला तेथला ऑइलर्स संघही पुढे टेनेसीत गेला. मालकाने बिऱ्हाड हलवले तर त्यास व्यवसाय म्हणतात. प्रेक्षकाने हलवले की मात्र त्याच्यासाठी नाका उभा राहतो.

माझ्या घरापासून वीसएक मैलांवर प्रिन्स्टन आहे. तेथे परगणा बदलतो आणि फिलाडेल्फियाचा अंमल सुरू होतो. गेल्या काही वर्षांत एका कंपनीच्या ॲपवर (तिचे नाव सांगण्यात हशील नाही, तिच्या जागी दुसरी असती तरी हेच झाले असते) मी वर्गणी भरली होती, आणि एका रविवारी त्या ॲपने माझ्या इंटरनेटच्या जोडणीवरून असा निष्कर्ष काढला की मी फिलाडेल्फियाकर आहे. ईगल्स संघ पडद्यावर दिसू लागला. चाळीस मिनिटे टेलिफोनवर तिष्ठल्यावर एका अत्यंत अदबशीर मुलीने माझा पत्ता, पिनकोड, कार्डावरचे नाव विचारून घेतले आणि शेवटी विचारले, ‘सर, आपल्याला कोणत्या शहरात राहायचे आहे?’ पिट्सबर्ग, असे मी सांगितले. तो पर्याय उपलब्ध नाही, असे ती म्हणाली, आणि ती खरेच बोलत होती.

आता पैशाचा हिशेब. 2024च्या हंगामात स्टीलर्सचे नियमित सामने सतरा. त्यांतील दहा रविवारच्या दुपारचे. उरलेले सात निरनिराळ्या दिवशी, निरनिराळ्या दुकानांत. दोन रविवारी रात्री एनबीसीवर. एक सोमवारी ईएसपीएनवर. एक गुरुवारी, क्लीव्हलंडच्या हिमवर्षावात 24–19 असा हरलेला, ॲमेझॉनवर. एक शनिवारी फॉक्सवर, दुसरा शनिवारी पुन्हा ईएसपीएनकडे. आणि नाताळच्या दिवशी, तोही बुधवारी, एक नेटफ्लिक्सवर, जेथे कॅन्सस सिटीकडून 29–10 असा मार खाल्ला. पुढे जानेवारीत बाल्टिमोरविरुद्धचा बाद फेरीचा सामना परत ॲमेझॉनवर. रविवारच्या दहांपैकी जे आमच्या परगण्यात दिसत नाहीत ते पाहायचे तर ‘संडे तिकीट’ नावाचे गाठोडे घ्यावे लागते. 2023 साली ते यूट्यूबकडे गेले तेव्हा त्याचा दर, यूट्यूबची मासिक दूरचित्रवाणी सेवा असल्यास हंगामाला 349 डॉलर, नसल्यास 449. आणि त्या मासिक सेवेची वर्गणी तेव्हा 72.99 डॉलर होती, 2025च्या जानेवारीत ती 82.99 झाली. त्या गाठोड्यात बत्तीसही संघांचे रविवारचे सामने असतात. मला हवे असतात फार तर सात-आठ. एक पायली तांदूळ मागायला गेलेल्या माणसास वाण्याने सांगावे की सुटे देत नाही, कोठार घ्या, असा हा प्रकार आहे. आणि कोठार घेऊनही गुरुवारचे, सोमवारचे आणि नाताळचे तांदूळ त्यात नाहीतच.

आणि जो माणूस पिट्सबर्गातच राहतो? त्याला हे सतराही सामने छपरावरच्या साध्या अँटेनावर फुकट दिसतात. ॲमेझॉनचे, नेटफ्लिक्सचे, ईएसपीएनचेसुद्धा, कारण घरच्या गावी ते मोफत दाखवण्याचा आपला परिपाठ आहे, आणि त्याबद्दल आपण वेळोवेळी अभिमानही व्यक्त करता. तो सार्थ आहे. माझे म्हणणे एवढेच की त्याच सामन्याची किंमत गावात शून्य आणि वेशीबाहेर शेकडो डॉलर ठरते तेव्हा तीत मालाचे मूल्य किती आणि वेस ओलांडल्याची जकात किती, हे आपण एकदा कागदावर मांडून दाखवावे.

आपल्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे, आणि ते न बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल. 1961 साली फिलाडेल्फियाच्या संघीय न्यायालयाने असा निर्णय दिला की सर्व संघांचे प्रक्षेपणाचे हक्क एकत्र बांधून एकाच वाहिनीस विकणे कायद्यास धरून नाही. तेव्हा आपले पूर्वसूरी पीट रोझेल यांनी वॉशिंग्टनला खेटे घातले आणि त्याच वर्षी सप्टेंबरअखेर अध्यक्ष केनेडी यांच्या सहीने लीगला एकत्र विक्रीची सनद मिळाली. या सनदेमुळे दूरचित्रवाणीचा पैसा सर्वांत सारखा वाटला जातो, आणि जेमतेम लाखभर वस्तीच्या, कोणा धनाढ्याच्या नव्हे तर भागधारकांच्या मालकीच्या ग्रीन बे पॅकर्ससारख्या संघास न्यूयॉर्कच्या संघाइतकाच वाटा मिळतो. भांडवलशाहीच्या या माहेरघरी इतकी समाजवादी तजवीज दुसरी नसेल. तिचे मला मनापासून कौतुक आहे. पण ती सनद दिली गेली ती प्रायोजकांच्या पैशावर चालणाऱ्या, प्रेक्षकास फुकट मिळणाऱ्या प्रक्षेपणाच्या संदर्भात. वर्गणी घेऊन विकावयाच्या मालासाठी ती नव्हती.

सरहद्द आखण्याची हौस मात्र तेव्हापासूनच होती, आणि तेव्हा ती उलट्या बाजूने आखली जात असे. घरच्या मैदानावरचा सामना घरच्या गावाला दिसू द्यायचा नाही, म्हणजे तिकिटे खपतील, असा तो न्याय. 23 डिसेंबर 1972 रोजी, अवघी बावीस सेकंद उरली असता, टकरीत उडालेला चेंडू बुटाच्या उंचीवर झेलून फ्रँको हॅरिस धावत सुटला आणि स्टीलर्स 13–7 असे जिंकले. या खेळाच्या इतिहासातील सर्वांत विख्यात म्हणून जी धाव गणली जाते ती पिट्सबर्गच्या दूरचित्रवाणीवर पिट्सबर्गकरांना दिसली नाही, मैदान भरलेले असूनही. बाईंचे यजमान त्या दिवशी दोन्ही मुलांना गाडीत घालून पाऊणशे मैलांच्या कुंपणाबाहेर, ओहायोतल्या एका मोटेलात, गेले होते. खोलीचे भाडे सहा जणांनी वाटून घेतले, आणि त्या धावेच्या वेळी नेमका धाकटा मुलगा बाहेर बर्फ आणायला गेला होता, हे बाई दर डिसेंबरात सांगत. पुढल्या वर्षी काँग्रेसने कायदा केला की तिकिटे 72 तास आधी संपली असतील तर सामना गावात दाखवलाच पाहिजे. ज्याला घराजवळ राहून दिसत नसे त्याला आता दिसते. ज्याला दूर जाऊन दिसत असे, तो मी.

1994 साली ‘संडे तिकीट’ निघाले आणि 2022च्या हंगामापर्यंत त्याचा मक्ता डायरेक्टीव्ही या एकाच उपग्रह कंपनीकडे राहिला. मग तो यूट्यूबने घेतला, वृत्तपत्रांत आलेल्या आकड्यांप्रमाणे दरसाल सुमारे 2 अब्ज डॉलरांना. मक्तेदारी हा शब्द आमच्या भाषेत मक्त्यावरूनच आला आहे, हे आपल्या वकिलांना सांगून ठेवावे. त्यांना त्याचा उपयोग झाला असता, कारण 2015 साली दाखल झालेल्या फिर्यादीची सुनावणी होऊन 27 जून 2024 रोजी लॉस एंजेलिसच्या ज्यूरीने ठरवले की लीगने स्पर्धेचा कायदा मोडला, आणि चोवीस लाखांहून अधिक घरगुती वर्गणीदार व सुमारे 48,000 हॉटेले-बार यांना मिळून सुमारे 4.7 अब्ज डॉलर भरपाई द्यावी, जी कायद्याने तिप्पट होऊन 14 अब्जांच्या वर गेली असती. त्या साक्षीपुराव्यांत असेही बाहेर आले की ईएसपीएनने हंगामास 70 डॉलर दराचा आणि एकेका संघाचे सामने सुटे विकण्याचा विचार पुढे मांडला होता. तो आपल्याकडील मंडळींस मानवला नाही. आपण स्वतः साक्षीत सांगितले की हा उंची माल आहे. 1 ऑगस्ट रोजी न्यायमूर्ती गुटिएरेझ यांनी तो निवाडा रद्दबातल केला: फिर्यादींच्या तज्ज्ञांची साक्ष ग्राह्य धरायला नको होती, आणि ज्यूरीने काढलेल्या रकमेस पुराव्याचा आधार नव्हता. फिर्यादी अपिलात गेले. मी कायदेपंडित नाही. मला त्या अब्जांशी कर्तव्यही नाही. पण सत्तर हा आकडा कोणाच्या तरी डोक्यात येऊन गेला होता, हे वाचल्यापासून माझी झोप थोडी उडाली आहे.

या सगळ्यातून माझ्यासारख्यांनी काढलेली पळवाट म्हणजे बार. आमच्या गावाजवळ एक आहे; त्याच्या मागल्या दालनात रविवारी पिवळे पंचे जमतात. मालक मला सांगत होता की त्याला ‘तिकीट’ विकताना त्याचे गिऱ्हाईक किती हे विचारीत नाहीत. अग्निशमन खात्याने त्याच्या जागेत जास्तीत जास्त किती माणसे मावतील असे लिहून दिले आहे, त्यावर दर ठरतो, मग आत चार टाळकी का असेनात. मी शाकाहारी, दारू घेत नाही. तेव्हा तीन तासांच्या सामन्यासाठी, ज्यात चेंडू प्रत्यक्षात हलतो तो जेमतेम अकरा मिनिटे, माझ्यापुढे एक सोडा आणि एक बशी पिरोगी असते. पिरोगी म्हणजे बटाट्याचे सारण भरून उकडलेली करंजीच. बाई करीत त्या अधिक पातळ पारीच्या असत. बारची वाढपीण मला ‘बटाटेवाले काका’ या अर्थाचे काहीतरी म्हणते. तिची टेबलाची जागा मी अडवतो हे लक्षात ठेवून मी बक्षिशी दुप्पट ठेवतो, आणि हिशेब केला तर हंगामाअखेर ती रक्कम आपल्या गाठोड्याच्या फारशी मागे नसते. पण ती आपल्याला मिळत नाही, याचे एक बारीकसे समाधान असते.

सर्वांत मोठी मौज पुण्याला आहे. माझा भाचा तेथे राहतो. लहानपणी सुट्टीत माझ्याकडे आला असता त्याला हा नाद लागला. देशाबाहेरच्या प्रेक्षकांसाठी आपण जो ‘गेम पास’ विकता त्यात बत्तीस संघांचे सामने आहेत, परगणे नाहीत, नकाशे नाहीत, शिवाय दुसरी दूरचित्रवाणी सेवा घेण्याची सक्ती नाही. आमच्याकडे दुपारचा एक वाजतो तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेदहा-साडेअकरा झालेले असतात. जेवून, दात घासून, तो अंथरुणात बसून पिट्सबर्गचा सामना पाहतो, आणि पिट्सबर्गपासून साडेतीनशे मैलांवर बसून जेट्सची दुर्दशा पाहणाऱ्या मामाला व्हॉट्सॲपवर गुणसंख्या कळवतो. परवा त्याने विचारले, ‘मामा, फोन टीव्हीसमोर धरू का?’ तसे करणे आपल्या शर्तींत बसते की नाही याचा विचार न करता मी हो म्हणालो.

माझी मागणी मोठी नाही. बास्केटबॉलवाले आणि बेसबॉलवाले एका संघापुरता हंगामी परवाना विकतात, आणि त्यांची लीग बुडालेली नाही. आपणही तसा एक विकावा: एक संघ, त्याचे सतरा सामने, कोणत्याही दिवशी कोणत्याही दुकानात असोत, एका दरात, देशात कोठेही. पैसा खुशाल त्याच समाईक पेटीत टाका आणि त्यातला वाटा ग्रीन बेला द्या. माझी हरकत नाही. सत्तर डॉलर मी आनंदाने देईन. शंभरही देईन, थोडी कुरकुर करून.

उत्तराची अपेक्षा ठेवून,

आपला,
एडिसनचा एक रहिवासी

ता. क. – पत्र पाकिटात घालता घालता येत्या रविवारचा नकाशा पाहिला. हौशी मंडळी दर आठवड्यास तो रंगवून प्रसिद्ध करतात, कोणत्या परगण्यास कोणता सामना ते दाखवणारा. स्टीलर्सचा रंग पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिमेकडून निघून बराच पुढे आला आहे आणि आमच्या अलीकडे एका सरळ रेषेत थांबला आहे. बारमध्ये फोन केला होता. कोपऱ्यातले टेबल बारापर्यंत राखून ठेवतो म्हणाले, त्यानंतर नाही.